दोन वर्षांचे कॉलेज

एखादे कॉलेज किती चांगले, हे आपल्याकडे ते किती जणांना दाराबाहेर ठेवते त्यावरून ठरते. ‘यादी कितीला बंद झाली?’ हा प्रश्न निकालानंतर घरोघरी ऐकू येतो, आणि आकडा जितका मोठा तितके कॉलेजचे नाव मोठे!

म्हणूनच २०१६ साली मी कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात नाव घातले, तेव्हा पुण्याहून सासूबाईंनी फोनवर तेच विचारले.

“यादीच नसते, आई. अठरा वर्षं पुरी झाली की कुणालाही घेतात.”

“अगं, मग ते कॉलेज कसलं?”

त्यांचे तरी काय चुकले? कम्युनिटी कॉलेज ही वस्तूच आपल्या ओळखीची नाही. १९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाची वाटणी केली. शाळेतून निघणाऱ्यांपैकी वरच्या एक-अष्टमांशाला कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एक-तृतीयांशाला राज्य विद्यापीठ, आणि कम्युनिटी कॉलेज सर्वांनाच खुले. पहिल्या दोन वर्षांचे शिक्षण येथे घ्यावे, मग विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जावे. आपल्याकडे डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातात ना, त्याच जातीची ही वाट.

माझे बी.एस्सी. लग्नाने अर्ध्यावर सुटलेले. यांच्या व्हिसावर मला नोकरीची परवानगी नव्हती, शिकण्याची होती. बत्तिसाव्या वर्षी ‘तुम्ही काय करता?’ या प्रश्नाला उत्तर नसावे, याचे दुःख ज्याचे त्यालाच ठाऊक! राज्याच्या रहिवाशाला तिमाहीच्या एका युनिटला ३१ डॉलर फी. घरखर्चातून काटकसरीने निघण्याजोगी.

वर्गात माझ्या डावीकडे हायस्कुलातला सोळा वर्षांचा पोरगा, उजवीकडे गोदामात रात्रपाळी करून येणारे एक गृहस्थ. ‘सी प्लस प्लस’मध्ये पॉइंटर आले आणि आम्ही तिघेही गारद झालो. पॉइंटर म्हणजे वस्तू नव्हे. कॉम्प्युटरच्या स्मृतीत ती जिथे ठेवली आहे तो पत्ता. भलत्याच पत्त्यावर जाऊन दार ठोठावले की चालता प्रोग्राम कोसळलाच म्हणून समजा! आमच्या बाई फळ्यावर चौकोन आणि बाण काढीत, पुसत, पुन्हा काढीत. संशोधनाचा ससेमिरा त्यांच्यामागे नव्हता. शिकवणे हेच त्यांचे काम.

पण दार उघडे म्हणून वाट सोपी, असे मात्र नाही हं. तिसऱ्या वर्षासाठी ९० युनिटे पुरी करायची, त्यांत गणिताचे ठरावीक विषय हवेतच. इथला कोणता विषय तिकडे कशाच्या बदली धरतील, हे ‘असिस्ट’ नावाच्या संकेतस्थळावर आधीच लिहिलेले असते. सॅन होजे राज्य विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सच्या जागा मागणीहून कमी. म्हणून गुणांची सरासरी पाहतात. म्हणजे चाळणी आहेच! फक्त ती मागल्या जन्मीच्या मार्कांना लावीत नाहीत, इथे केलेल्या कामाला लावतात.

त्या चाळणीपर्यंत न पोचताच पुष्कळ जण गळतात. आमचे रात्रपाळीवाले गृहस्थ दुसऱ्या वर्षी दिसले नाहीत. त्यांना पॉइंटर माझ्याआधी उमगले होते; त्यांनीच मला समजावले होते.

मला तीन वर्षे लागली. २०१९ साली सॅन होजेचे प्रवेशपत्र आले. परंतु खरे सांगू? बत्तिसाव्या वर्षी मी त्या खिडकीशी उभी राहिले, आणि कुणी माझे बारावीचे मार्क विचारले नाहीत, माझा प्रवेश त्याच दिवशी झाला होता.