खाणी थांबल्या, रस्ता मोकळा झाला

माझी कारकीर्द खाणबंदीत सुरू झाली, हे डिचोलीत मोठ्याने बोलायची सोय नाही. 2012 साली गोव्यातलं खनिज उत्खनन थांबलं, तेव्हा मी शाळेत होतो. त्याआधी मांडवीवरच्या जेटीकडे जाणारे ट्रक दिवसभर आमच्या गावातून धावायचे. त्या रस्त्यावर सायकल घालणं म्हणजे जिवाशी खेळ. बाबांचाही एक ट्रक होता. तो दारात उभा राहिला तो राहिलाच. टायर बसले, बँकेची माणसं येऊ लागली, आणि मी मात्र रिकाम्या तांबड्या चढणींवर मावसभावाची जुनी सायकल हाणत होतो. ‘पोटाक कितें दितली ही सायकल?’ आई विचारायची. मध्ये खाणी सुरू झाल्या, 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. आईचा प्रश्न तेवढा थांबला नाही.

माउंटन बाइक म्हटलं की लोकांना कड्यावरून उड्या मारणारा कुणीतरी दिसतो. क्रॉस-कंट्रीत त्याहून जास्त काम चढायचं असतं. चार-पाच किलोमीटरचा दगडामुळांचा फेरा, आणि दीड तासाच्या आसपास तेच पुन्हा पुन्हा. 1996 पासून ऑलिंपिकमध्ये आहे हा प्रकार. त्यातला 80 टक्क्यांचा नियम मात्र घरच्यांना अजून पटत नाही. पुढच्याने पहिला फेरा 15 मिनिटांत संपवला, तर त्याच्यामागे 12 मिनिटं पडलेल्याला पंच शर्यतीतून काढून घेतात. पायात गोळा नाही, पंक्चर नाही, तरी बाहेर. पहिली काही वर्षं मी असाच बाहेर येत गेलो. मानांकन नसलं की आरंभरेषेवर शेवटच्या रांगेत उभं राहावं लागतं. पुढे वाट एका सायकलीएवढी अरुंद होते आणि दमात असूनही समोरच्याच्या मागच्या चाकाकडे बघत चालवावं लागतं.

चढण डिचोलीने शिकवली, उतरण पेडण्याच्या सड्याने. जांभा उन्हाळ्यात वरून भुगा होतो. वळणावर त्या बारीक खड्यांवर चाक सरकतं, ब्रेक दाबला की आणखी सरकतं. म्हणून ब्रेक वळणाआधी, वळणात नाही, हे तिथे कोपर सोलून घेऊन अंगात मुरतं. जूनमध्ये तोच दगड शेवाळून हिरवा होतो. तेव्हा टायरमधली हवा कमी करायची, अंग सैल सोडायचं आणि हँडल शक्यतो सरळ ठेवायचं. चिऱ्यांच्या सोडून दिलेल्या खाणी पाण्याने भरलेल्या असतात, कठडा नसतो. नव्या वाटेवर आधी पायी फिरून यावं, हे मी पोरांना ओरडून सांगतो.

मोपाचा सडा तर हातचाच गेला. तिथे गुरं चरायची, धनगरांची घरं होती. आता धावपट्टी आहे, 2023 च्या जानेवारीपासून विमानं उतरतात. धनगरांचं घर गेलं, माझी फक्त सरावाची वाट. तक्रार करायला मला तोंड नाही.

त्याच वर्षी 26 ऑक्टोबरला गोव्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचं उद्घाटन झालं. त्याच दिवशी केरळात पोनमुडीला आशियाई माउंटन बाइक स्पर्धा सुरू झाली, भारतात पहिल्यांदाच. मी कोकण रेल्वेने दक्षिणेकडे गेलो, प्रेक्षक म्हणून. चिनी सायकलपटू चढणीवर ज्या दमाने उभे राहून पायडल मारत होते, ते बघून माझा हिशेब साफ झाला. त्यांना संघ असतो, मेकॅनिक असतो. आपल्याकडे हा खेळ टिकवायचा तर सैन्यदल नाहीतर रेल्वे. रेल्वेच्या क्रीडा कोट्याला वयाची अट पंचवीस, आणि ती मी ओलांडलीय. मग म्हापशातल्या एका दुकानात दुपारनंतर सायकली दुरुस्त करतो. व्यावसायिक सायकलपटू म्हणवून घेतो ते या अर्थाने: चेन आणि कॅसेट घाऊक भावात मिळतात. तांबडी धूळ दोन्ही खाते, उरलेलं खारा वारा.

2024 पासून डिचोलीत उत्खनन पुन्हा सुरू झालंय. बाबा परवा जेवताना ट्रकच्या हप्त्यांचा विषय काढून माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, घ्या ट्रक, मी चढणीसाठी चोर्ला घाटात जाईन. तिथे डांबर आहे, दगडाची सवय त्याने होत नाही. पण बाबांना हे सांगून काय उपयोग?