सातवी जोडी

मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या १२ जोड्या. पहिली वास घेते, दुसरी पाहते, आठवी ऐकते. दहावी तर भटकत पोटापर्यंत जाते! माझी भक्ती मात्र सातवीवर. चेहऱ्यावरची तिची सत्ता चार्ल्स बेल यांनी १८२१ साली उलगडून दाखविली.

गेल्या नवरात्रात सौ.च्या चेहऱ्याची उजवी बाजू एका रात्रीत लुळी पडली. डोळा मिटेना, चूळ भरता येईना, हसू अर्ध्या वाटेत थांबे. जिभेच्या पुढच्या भागाची चवही हीच जोडी वाहते. त्यामुळे चिवडा अर्धाच लागे. औषध वेळेवर मिळाले. बाकी उरले वाट पाहणे.

दिवाळी सरता सरता मी पुन्हा फराळाचा डबा उघडला. ती रागावली आणि दोन्ही भुवया एकदम चढल्या! इतका गोड राग मी कधी पाहिला नव्हता.