पांढरी रेघ

दिवाळीच्या सुटीत वह्यांचा गठ्ठा बाजूला पडला, की मास्तर स्वतःचे पेपर तपासू लागतो. यंदा मला भाताचे एक पान आठवले.

आमची शाळा खालापूरकडची. काही वर्षांपूर्वी श्रावणात एक मुलगा ते पान घेऊन आला. हिरव्या पानावर बुडापासून शेंड्यापर्यंत पांढरीशुभ्र रेघ!

“गुरुजी, एकाच फुटव्याला अशी पाने आहेत. त्याच्या लोंबीचे दाणे वेगळे पेरले तर काय उगवेल?”

मी मॅट्रिक शिकलेला, कादंबऱ्या लिहिणारा. उत्तर ठाऊक नव्हते आणि तसे सांगायचा धीरही नव्हता. “रोगट असेल. उपटून टाक,” मी म्हणालो. वर्ग हसला. त्या मुलाने पुन्हा मला काही विचारले नाही. कर्जतचे भात संशोधन केंद्र एस.टी.च्या वाटेवर, एक पोस्टकार्ड टाकणे काही जड नव्हते!

पुढे वाचनात आले, की १९२८ साली अमेरिकेत स्टॅडलर यांनी जवाच्या बियांवर क्ष-किरण सोडले होते. बियातल्या अंकुरात पुष्कळ पेशी असतात. किरणांनी त्यांतली एखादीच बदलते आणि तिची लेकरे एका पट्ट्यात वाढतात. बाकीचे झाड जुनेच राहते. पट्टा पांढरा असला तर त्याला हरितद्रव्य नसते. शेजारच्या हिरव्या पेशींनी रांधलेले खाऊन तो जगतो. निसर्ग असा बदल क्वचित आपणहून करतो, किरण तो वरचेवर घडवतात. बदल एखाद्याच फुटव्यात दडलेला असतो, म्हणून संशोधक प्रत्येक लोंबीचे दाणे वेगळे पेरून पाहतात. क्ष-किरणांच्याच वाटेने तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रातून भुईमुगाचा टीजी-१ हा वाण १९७३ साली शेतात आला.

म्हणजे पोराने विचारले ते हेच!

धनत्रयोदशीला त्याच्या घरी गेलो. आता तो बापासोबत शेती करतो. मी चूक कबूल केली. तो लाजून हसला.

“मी ते उपटले नव्हते, गुरुजी. दाणे मडक्यात जपले, पुढच्या सालात पेरले.”

“मग?”

“सगळी रोपे हिरवीच आली.”

मी म्हटले, “बाळ, तेही उत्तरच. रेघ पानापुरतीच होती, दाण्यात उतरली नव्हती.”

त्याच्या आईने चकल्यांची ताटली पुढे केली. निघताना तो वेशीपर्यंत आला आणि म्हणाला, “गुरुजी, आणखी एक विचारू?”