नीस

आठवीच्या वर्गात मराठीच्या तासाला वर्तमानपत्रातली बातमी वाचून घेत होतो. ‘पक्षाचे सरचिटणीस’ या शब्दापाशी एक मुलगी अडली. “सर, चिटणीस म्हणजे चिठ्ठ्या वाटणारा का?” वर्ग हसला. मी म्हटलं, जवळपास पोचलीस. वाटणारा नव्हे, लिहिणारा.

फळ्यावर एका बाजूला ‘चिटणीस’ लिहिलं, दुसऱ्या बाजूला उर्दूत ‘नवीस’. फारसीत नविश्तन म्हणजे लिहिणे, त्यातूनच नवीस, म्हणजे लिहिणारा. उर्दूच्या तासाला हीच मुलं अफसानानवीस शिकतात, खुशनवीस म्हणजे सुंदर अक्षर काढणारा, अर्जीनवीस म्हणजे कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देणारा. तोच नवीस मराठीत रुळून नीस झाला, आणि मुलांना ओळखू येईना. नानांना आपण आजही फडणवीसही म्हणतो आणि फडणीसही.

मग तासाचा धडा राहिलाच. फर्द म्हणजे हिशेबाचा कागद. तो लिहिणारा फडणीस. वाकिया म्हणजे घडलेली गोष्ट. ती टिपून ठेवणारा वाकनीस. पारसनीस फारसी पत्रव्यवहार पाहायचा, पोतनीस खजिन्याचा हिशेब. मुलांना डॉ. कोटणीस माहीत होते, चीनमध्ये 1942 साली वारलेले सोलापूरचे डॉक्टर. कोट म्हणजे किल्ला, हे त्यांना सांगावं लागलं नाही. (ट आणि ड यांच्या मागोमाग न आला की त्याचा ण झालेला दिसतो: चिटणीस, फडणीस, कोटणीस. पोतनीस, सबनीस मात्र न धरून बसले. हे मलाही त्या दिवशी फळ्यावर लिहिताना लक्षात आलं.)

आंजर्ल्याच्या टेकडीवरून हर्णैकडे पाहिलं की समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो. शिवाजी महाराजांच्या व्यवस्थेत किल्ल्यावर हवालदाराच्या जोडीला दोन लिहिणारे असत. सबनीस हजेरी आणि जमाखर्च बघायचा, कारखानीस धान्य आणि दारूगोळा. 1674 च्या राज्याभिषेकाच्या सुमारास दरबारातल्या पदांना संस्कृत नावं दिली गेली. वाकनीस मंत्री झाला, सुरनीस सचिव. राज्यव्यवहारकोश याच खटपटीतला. तरी आज मंत्रालयात सचिव बसतो आणि पक्षाच्या कचेरीत सरचिटणीस. त्या शब्दातली चिठ्ठी इथली, पुढचा सर आणि मागचा नीस फारसी. आणि हे सगळे नीस आडनावं होऊन घराघरांत राहिले. त्यांतली बहुतेक घरं हिंदूंची. आमच्या कोकणी मुसलमानांत उलट, गावाच्या नावाला ‘कर’ लावलेली आडनावं मुबलक. माझंही तसलंच.

बी.एड. झाल्यावर एका ठिकाणी मुलाखतीला गेलो होतो. समोरच्या गृहस्थांनी अर्ज पाहिला, मला पाहिलं आणि विचारलं, “उर्दूचं ठीक आहे, पण मराठी कशी काय शिकवणार तुम्ही?” त्यांचं आडनाव नीसने संपणारं होतं. टेबलावरच्या पाटीवर ते मला वाचता येत होतं. मी म्हटलं, “घरी बोलतो ना, साहेब.” नोकरी हवी होती. मिळाली नाही ते नाहीच. घरी येताना एसटीत दापोलीपर्यंत काय काय उत्तरं सुचली!

वर्गात हे सांगितलं नाही. आजोबांचं सांगितलं. मोहल्ल्यातले बरेच पुरुष बोटीवर असायचे. त्यांच्या बायका संध्याकाळी आमच्या पडवीत यायच्या, आजोबा कंदिलाशी बसून त्यांची पत्रं लिहायचे. बाई बोलणार आमच्या बोलीत, आजोबा कागदावर उतरवणार उर्दूत, आणि लिफाफ्यावरचा मुंबईचा पत्ता मराठीत. पुरुषाचं उत्तर आलं की वाचूनही तेच दाखवायचे. एखाद्या ओळीवर थांबून घसा साफ करायचे, आणि मग ती ओळ वाचायचीच नाही. बाई समजून जायची. मी लहान होतो, मला वाटायचं त्यांना अक्षर लागत नाही.

“म्हणजे ते खतनवीस,” मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला. शब्द त्याने तिथल्या तिथे बनवला होता, आणि बरोबर बनवला होता.

पहिली मुलगी गप्प बसणारी नव्हे. “मग सर, तुमचं आडनाव खतनीस का नाही पडलं?”

“त्याचा पगार नव्हता म्हणून,” मी म्हटलं, आणि घंटा झाली.