मेंदूचा फोटो आणि हिशोबाची वही

आर्णी तालुक्यातलं आमचं गाव. गेल्या वर्षी भीमजयंतीच्या तयारीची बैठक विहारात भरली होती आणि समितीचा अध्यक्ष मी होतो. मागून एक आजी उठली. "बापू, मांगच्या सालच्या वर्गनीचा हिसाब सांग नं." कापूस वेचणीच्या मजुरीतून तिने शंभर रुपये दिले होते. मी म्हणालो, "आजी, तो विषय आज नाही. बसा बरं खाली." पोरं हसली. आजी बसली.

हिशोबात घोळ नव्हता. वही माझ्याच पिशवीत होती. मग मी तिला का बसवलं?

पुढे यवतमाळला एका नेतृत्व शिबिरात वक्त्याने पडद्यावर मेंदूचा फोटो दाखवला. म्हणे नेत्याचा मेंदूच वेगळा असतो, तो जन्माला यावा लागतो. जन्माने मोठेपण! हे आपण आधी कुठे ऐकलंय? फक्त मनुस्मृतीच्या जागी आता स्कॅन आला.

खरं मेंदूशास्त्र असं बोलत नाही. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना मिळवायला हजारो रस्ते पाठ करावे लागतात. 2011 च्या अभ्यासात ती परीक्षा पास झालेल्यांच्या मेंदूतला स्मरणाशी जोडलेला एक भाग वाढलेला दिसला. तोच अभ्यास करून नापास झालेल्यांचा वाढला नव्हता. म्हणजे मेंदू घडतो.

आणि बिघडतोही. कॅनडातल्या संशोधकांनी 2014 मध्ये एक प्रयोग छापला. काहींना आपण दुसऱ्यावर सत्ता गाजवल्याचा प्रसंग आठवून लिहायला लावला, काहींना आपण दुसऱ्याच्या हाताखाली होतो तो. मग सगळ्यांना रबरी चेंडू दाबणाऱ्या हाताचा व्हिडिओ दाखवला. दुसऱ्याची हालचाल बघताना आपल्याही मेंदूत तिचा पडसाद उमटतो. सत्ता आठवलेल्यांमध्ये तो कमी उमटला. एका प्रयोगावर फार इमले बांधू नयेत, पण वाचताना मला आजी दिसली. नुसत्या आठवणीने एवढं होतं, तर माझ्या हातात तर माईक होता.

बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीबद्दल बजावलं होतं. ते भाषण आपण दुसऱ्यांच्या नेत्यांवर फेकतो. आपल्या गटबाजीत, आपल्या 'भाऊं'च्या बॅनरखाली उभं राहून ते वाचतो का?

यंदा समितीत दोन गोष्टी बदलल्या. अध्यक्ष दरवर्षी नवा, आणि भाषणाआधी हिशोब. वही आता आजीच्या नातीकडे आहे. पहिल्याच पानावर तिने माझ्या नावावर 350 रुपये बाकी काढलेत.