वाळ्यावरचा आकडा

आमच्या घरी सहा वर्षे एक कॉकाटील होता. मूळचा ऑस्ट्रेलियातील हा लहानखुरा पोपट. राखाडी अंग, पिवळसर तुरा आणि गालावर नारिंगी टिकली. नाव मिठू. कुकरच्या शिट्टीची तो अशी हुबेहूब नक्कल करी की, आमची आई कितीदा तरी फसून स्वयंपाकघराकडे धावे. त्याच्या उजव्या पायात अ‍ॅल्युमिनियमचे वाळे होते व त्यावर काही अक्षरे आणि आकडे कोरलेले होते. ते कोणते, हे सहा वर्षांत आम्ही एकदाही वाचले नाही.

२०१६ च्या जुलै महिन्यात एके दुपारी पिंजरा साफ करताना खिडकी उघडी राहिली आणि मिठू उडाला. वाडीतील नारळी, केळी, फणस आम्ही धुंडाळून काढले. चौथ्या दिवशी निरोप आला की, शेजारच्या गावात एका घरी तसाच पक्षी सापडला आहे. आम्ही तातडीने गेलो. पक्षी पाहताच डोळे भरून आले. तोच तुरा, तीच टिकली, मान तिरकी करून पाहण्याची तीच लकब! घरचे वृद्ध गृहस्थ मात्र शांतपणे म्हणाले, "पक्षी तुमचा असेलही. पण सकाळी आणखी एक जण येऊन गेले. वाळ्यावरचा आकडा जो सांगेल, त्याने पक्षी न्यावा."

आम्ही निरुत्तर झालो. घरी येऊन पावती शोधली. तीत केवळ 'कॉकाटील, नग एक' एवढेच होते. जुनी छायाचित्रे भिंगाखाली धरली. वाळे दिसले, अक्षरे लागली नाहीत. संध्याकाळी ते दुसरे गृहस्थ आपली डायरी घेऊन आले. त्यांनी वाचलेला आकडा वाळ्यावरच्या आकड्याशी तंतोतंत जुळला. पक्षी त्यांचाच होता. आम्ही मात्र तो आमचा मिठू असल्याचे शपथेवर सांगितले असते.

माया खरी असूनही ओळख खोटी ठरू शकते, हे त्या दिवशी आम्हांला कळले. मग ज्या वस्तूकडे सहा वर्षे दुर्लक्ष केले, तिची माहिती आम्ही मिळवू लागलो.

बिनजोडाचे बंद वाळे कॉकाटीलच्या पिलाला ते जेमतेम आठ-दहा दिवसांचे असताना घालतात. पुढची बोटे एकत्र धरून वाळे त्यांवरून वर सरकवायचे आणि मागची बोटे हळूच मोकळी करायची. पुढे पाय वाढला की ते निघत नाही. म्हणून असे वाळे म्हणजे पक्षी माणसाच्या देखरेखीखाली जन्मल्याची खूण होय. फटीचे उघडे वाळे कोणत्याही वयात दाबून बसवता येते. त्यावरून जन्माचा दाखला मिळत नाही. वाळ्यावर सहसा पैदास करणाऱ्याची खूण, साल व अनुक्रमांक असतो. ते पायात रुतले वा पाय सुजला, तर घरी कात्री न लावता पशुवैद्याकडेच जावे.

तथापि वाळे स्वतः काही सांगत नाही. डेन्मार्कमधील शिक्षक मॉर्टेन्सेन यांनी १८९९ साली मैनेच्या कुळातील स्टार्लिंग पक्ष्यांना क्रमांक घातलेली वाळी चढवली. सोबत त्यांची नोंदही ठेवली. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वाळ्यांवर 'संस्थेला कळवा' अशा अर्थाचा मजकूर असतो. पक्षी कुठेही सापडो, त्या आकड्याच्या दुसऱ्या टोकाला एक वही असते.

पाळीव पोपटांच्या बाबतीत ही वही कोणी ठेवायची? आपल्या रानातील हिरवा पोपट पाळण्यास कायद्याने मनाईच आहे. वाळे घातल्याने ती उठत नाही. 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असलेल्या आफ्रिकी करड्या पोपटासारख्या परदेशी पक्ष्यांची २०२४ च्या नियमांनुसार 'परिवेश २.०' या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. कॉकाटील मात्र त्या यादीत नाही. त्याची वही घरच्यांनीच ठेवायची. डायरीतील एक ओळ आणि वाळ्याचे एक स्पष्ट छायाचित्र, एवढ्याने काम भागते.

आमचा मिठू परत आला नाही. कदाचित तो आजही कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी घालत असेल आणि त्या सज्जनांनी त्याच्या पायातला आकडा वाचलाही असेल. पण त्या आकड्यापासून आमच्या दारापर्यंत येणारी वाट आम्ही कधी आखलीच नव्हती. वाचकहो, आपल्या घरी असा पक्षी असेल, तर आज संध्याकाळी दिवा थोडा जवळ घ्या आणि त्याच्या पायाकडे पाहा.