वेळापत्रकातली बाग



बाग, गुलाब, जमीन, मेहनत हे शब्द तुम्ही घरी उर्दूत बोलता आणि मराठीच्या तासालाही वाचता. तुमच्यापैकी काहींचे घराणे बागवानांचेही असेल. तरीही एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो : शाळेच्या वेळेत बागकाम कशाला?

एका विद्यार्थ्याचे वडील मला म्हणाले, "टीचर, आम्ही मुलाला शिकायला पाठवतो. माती खणायची असती, तर कामावरच पाठवले असते." त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. दिवसभर घाम गाळणाऱ्या बापाला मुलाच्या हाती पुस्तकच हवे असते.

पण बागेत काय घडते, तेही पाहा. आमच्या शाळेत भिंतीलगत एक अरुंद वाफा आहे. आठवीच्या मुलांनी त्यात एकाच दिवशी मेथी आणि चोळून फोडलेले धने पेरले. चार दिवसांत मेथी उगवली. धन्यांचा मात्र पत्ता नव्हता. "धने खराब निघाले," असे मुले म्हणू लागली. तेव्हा वर्गात क्वचितच बोलणारी एक मुलगी म्हणाली, "थांबा, धने उशिरा उगवतात." दहा-बारा दिवसांनी कोथिंबिरीचे कोवळे कोंब वर आले. त्या दिवसापासून मुले तिला विचारून पाणी घालू लागली.

धीर धरणे फळ्यावर लिहून शिकवता येत नाही. गणितही इथे भेटते. 20 बिया पेरल्या आणि 16 उगवल्या, तर शेकडा किती उगवल्या?

हा विचार नवा नाही. 1937 मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हाताच्या कामातून शिक्षण द्यावे, असे तिथे ठरले. त्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन होते. समितीने सुचवलेल्या उद्योगांत सूतकताईबरोबर शेती आणि फळाभाज्यांची बागही होती. डॉ. झाकीर हुसेन 1967 मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. गुलाबांवर त्यांचे फार प्रेम होते. चंदीगडच्या गुलाबबागेला त्यांचेच नाव आहे.

काहीजण म्हणतात, बागकाम शाळा सुटल्यावर करावे. पण शाळा सुटली, की कुणाला दुकानावर बसायचे असते, तर कुणाला धाकट्या भावंडांना सांभाळायचे असते. मग बाग मोजक्या मुलांपुरतीच उरते. आणि शिक्षा म्हणून कुणाला तण काढायला पाठवले, तर तो मातीचा तिरस्कारच शिकेल.

म्हणून मला वाटते, आठवड्यातून एक तास बागेचा असावा. तो वेळापत्रकात असावा आणि सर्वांसाठी असावा. त्या तासाला मुलांकडून गड्याचे काम करून घ्यायचे नाही, तर पाहायचे, मोजायचे आणि वहीत लिहायचे. मग त्या वडिलांनाही आपल्या मुलाच्या हातात पुस्तक आणि रोप दोन्ही दिसतील.

मित्रांनो, तुम्हांला काय वाटते? वर्गात चर्चा करा. पण त्याआधी एका जुन्या डब्यात चार मेथीदाणे पेरून पाहा.